आतलं पान उघडून पाय

गजाननभाऊ गेले हे वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी आधी रडलो नाही, भांडलोच. "इतके बिमार होते तं मले सांगितलं काऊन नाई?" त्या म्हणाल्या, "त्यायनंच मना केलतं... तो तिकडं एकटा, घाबरट हाये म्हणे." दीड महिना झाला, राग उतरलेला नाही.

जाम गावच्या चौकात, घरच्या किराणा दुकानामागच्या खोलीत भाऊंचा सायबर कॅफे होता. नववीत शाळा सोडलेल्या मला त्यांनी तिथे सर्व्हरचं काम शिकवलं, बंगलोरच्या नोकरीसाठी ओळखीच्या माणसाकडे शब्द टाकला. आज दोन घास खातो ते त्यांच्यामुळे. म्हणूनच जास्त चिडतो.

आमचं शेवटचं बोलणं झालं एका तिरप्या रेघेवरून, वेबसाइटच्या पत्त्यात असते तसल्या. पुढच्या सर्व्हरने लोकांची मागणी घ्यायची आणि मागच्याकडे पोचवायची, अशी जोडणी मी एका गिऱ्हाइकासाठी केली होती. त्याच्या ऑनलाइन दुकानाचं पहिलं पान उघडायचं, आतलं एकही नाही. संध्याकाळपर्यंत जमव, नाहीतर गावी जा, असं साहेब म्हणाले होते. जोडणीच्या त्या दोन ओळी समोर ठेवून भाऊंना फोन लावला.

"वरच्या ओळीत, दुकानच्या पत्त्याच्या शेवटी रेघ हाये?"

"नाई."

"आन् खाली, मागच्या सर्व्हरच्या पत्त्याले?"

"हाये."

"मंग आत जाताना आतल्या पानाची एक आन् खालची एक, दोन रेघा होऊन राह्यल्या ना बाप्पा! मागचा सर्व्हर पत्ता वळखन कसा? वर बी दे एक, म्हंजे पानाची रेघ वरच कटते."

दिली. "उघडलं, भाऊ!"

"पह्यलं पान? अबे, ते तं आधीबी उघडत होतं. आतलं उघडून पाय, मंग सांगजो."

आतलंही उघडलं. त्यांच्या मागे लोखंडी खाट सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी नाव पुकारलं. कुठे आहात, विचारलं. "बजारात. मी मस्त हावो. तू जेवला का?"

तो बाजार म्हणजे दवाखान्याचा वॉर्ड होता, हे वहिनींकडून कळलं. मस्त म्हणे! माझं आतलं पान उघडल्याशिवाय फोन न ठेवणारा माणूस, आणि मला स्वतःचं फक्त पहिलं पान दाखवून गेला. मी घाबरेन हे कुणी ठरवलं? घाबरलोच असतो. घाबरत घाबरत गाडीत बसलो असतो, उशाशी बसून पाय दाबले असते... एवढाही हक्क नव्हता का माझा?

ती जोडणी अजून चालू आहे, दोन्हीकडे रेघ. काही बदललं की मी आतलं पान उघडून पाहतो आणि सांगायला हात फोनकडे जातो. परवा वहिनींना लावला. "आमी बरे हावो," त्या म्हणाल्या.

"ते नका सांगू, वहिनी. खरं सांगा."

मग त्या बोलायला लागल्या. मी फोन ठेवला नाही.