भर दुपारी नेलेला जनरेटर

मे महिन्यातली ती दुपार अजून माझ्या अंगातून गेलेली नाही. माझ्या नोकरीतला सर्वांत थरारक तपास कोणता असं कुणी विचारलं, तर मी वर्षानुवर्षं हाच सांगत आलो. मित्रमंडळींत, लग्नकार्यांत, निरोप समारंभातसुद्धा. लोक हसायचे, टाळ्या द्यायचे. फक्त त्यातला शेवटचा भाग मी कधी सांगितला नाही. त्या भागात एका बाईच्या नावापुढे 'आरोपी' हा शब्द लिहिला गेला आणि तो लिहिणारा मी होतो. आज पूर्ण सांगतो.

रावेरकडच्या केळीच्या पट्ट्यात एका तालुक्याच्या ठाण्याचा मी निरीक्षक होतो. त्या वर्षी बाजार पार बसला होता. कापसाच्या जिनिंगा अर्ध्या बंद, केळीचे ट्रक रस्त्याच्या कडेला उभे. सरकारनं काटकसरीचं परिपत्रक काढलं होतं. नवी खरेदी नाही, भरती नाही. आमच्या जीपला डिझेल मोजून मिळायचं. ग्रामीण रुग्णालयाचा जनरेटर बंद पडला, नव्याचा प्रस्ताव गेला, तो 'आर्थिक स्थिती सुधारल्यावर सादर करावा' असा शेरा घेऊन परत आला.

त्याच महिन्यात गावच्या तलावावर संगीत कारंजं मंजूर झालं. गाण्याच्या तालावर पाणी नाचणार, रंगीत दिवे लागणार. त्यासाठी चाकांवरचे दोन कोरे सरकारी जनरेटर आले. एक कारंज्याला, दुसरा पहिला बंद पडलाच तर म्हणून. उद्घाटनाला गुरुवारी मंत्री येणार होते. गावात राग इतका होता की चहाच्या टपरीवर खाकी वर्दी दिसली की बोलणं थांबायचं. रोज निवेदनं यायची. मंत्र्यांचा दौरा असला की ठाण्यात निवेदनांचा पाऊसच पडतो. मुन्शी आवक शिक्का मारतो, पोच देतो, गठ्ठा बांधतो आणि गठ्ठा गोपनीय शाखेकडे जातो. ती वाचायची असतात हे आम्ही विसरलो होतो.

मंगळवारी दुपारी तीन वाजता कंत्राटदाराचा फोन आला. "साहेब, एक जनरेटर गेला!"

आमच्याकडे मे महिन्यात दुपारी एक ते चार रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. लोक दारं लोटून घेतात. चोरीला याहून चांगली वेळ नाही, असं मला वाटलं आणि मी उठलो. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. मोर्चे आणि बंदोबस्त यांना मी कंटाळलो होतो. हा खरा गुन्हा होता!

तलावावर पोचलो. फाटकाला कुलूप जागेवर. चौकीदार बेपत्ता. जमिनीवर ट्रॅक्टरच्या टायरचे ठसे. मी लगेच मध्य प्रदेशच्या रस्त्यावर नाकाबंदी लावली. चोरीचा माल आमच्याकडून सीमेपलीकडेच जातो. बिनतारी संदेश सुटले, दोन गाड्या धावल्या, बऱ्हाणपूरकडे जाणारा प्रत्येक ट्रॅक्टर थांबवला गेला.

माझा हवालदार धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा, सावकाश माणूस. तो उकिडवा बसून जमीन बघत होता.

"साहेब, हाई चोरनं काम नई शे," तो म्हणाला.

"का?"

"चोर जाताना कुलूप लाईसन जास का? आनि हाई देखा."

त्याच्या हातात केळीच्या वाळक्या पानांच्या चिंध्या होत्या. ठशांच्या बाजूनं तशाच चिंध्या सांडत गेल्या होत्या. आमच्या पट्ट्यातला केळीवाला काहीही वाहून न्यायचं म्हटलं की आधी पाला अंथरतो. घडाला डाग पडला की व्यापारी भाव पाडतो, त्यामुळे हाताला सवयच लागलेली. जनरेटरच्या दांड्याला ओरखडा पडू नये म्हणून कुणीतरी पाला गुंडाळला होता. चोर मालाची एवढी काळजी घेत नाही. परत करायची वस्तू माणूस अशी नेतो. हे मला तेव्हा उमगायला हवं होतं. मी मात्र म्हणालो, "म्हणजे चोर केळीवाला आहे. चला!"

पाऊण तास आम्ही केळीच्या बागा पालथ्या घातल्या. अंगाची लाही होत होती. तेवढ्यात ठाण्यातून निरोप आला की बाजारातले एक शेठ तक्रार नोंदवायचीच म्हणून अडून बसलेत. मारवाडी कुटुंबातले, तीन पिढ्यांचं दूध-मिठाईचं दुकान, ग्रामीण रुग्णालयाच्या बरोबर समोर. मी चिडून फोन घेतला.

"साहेब, हा कुठला न्याय?" शेठ ओरडत होते. "काल रोहित्र जळालं. सगळ्या बाजारात लाईट नाही. माझं श्रीखंड पातळ झालं, पेढ्यांना वास यायला लागला. आणि समोर दवाखान्यात पंखे गरागरा फिरतायत! त्यांनाच वेगळी लाईन कुणी दिली?"

मी हवालदाराकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. एकाच क्षणी आम्ही दोघं जीपकडे पळालो.

रुग्णालयाच्या आवारात, कडुनिंबाच्या सावलीत जनरेटर धडधडत होता. वर ताडपत्री, खाली पाला. शेजारी ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून पांढऱ्या टोपीतले सत्तरीचे एक आबा. पोलीस बघून ते पळाले नाहीत. उलट म्हणाले, "या साहेब. बंदोबस्ताले उशीर केला तुम्ही."

मला तो उद्धटपणा वाटला. आत जायला लागलो तर दारात सिस्टर आडवी आली. तिशीची, कंत्राटी परिचारिका, कपाळावर घाम.

"साहेब, हळू बोला. आत बाळंतपण चाललंय. दोन बाळं काचेच्या पेटीत आहेत, काल रात्रीपासून आम्ही त्यांना गरम पाण्याच्या पिशव्यांवर धरून होतो."

"हा जनरेटर इथे कसा आला?"

"आम्ही आणला. एवढं उरकलं की मी स्वतः ठाण्यात येते. गुरुवारी सकाळी परत जाणारच आहे तो."

मी आबांना जीपमध्ये घातलं आणि दोन शिपाई तिथे ठेवले.

ठाण्यात चौकशी सुरू केली. टेबलावर हात आपटणं, खुर्ची ओढणं, सगळे प्रकार झाले. आबा पाणी मागून प्यायले आणि म्हणाले, "मी नेलं. दोन वाजता. लपून नही, भर रस्त्यानं नेलं. लिहा."

"चोरी कबूल आहे?"

"नेलं ते कबूल हाये. चोरीचं तुम्ही सांगा मले. मशीन सरकारचं, दवाखाना सरकारचा. मंग चोरी कोनाची झाली?"

मागे उभा असलेला शिपाई फिसकन हसला. मी त्याला बाहेर काढला.

"कुणी सांगितलं न्यायला?"

"माही नात तढी आत हाये, तिचंच बाळतपन हाये. मले कोनी सांगाले पाहिजे का? पानी नाचवाले दोन-दोन मशिनी, अन् बाईच्या बाळतपनाले एक नही? सरकारले पैसे नही म्हने. मंग ते पानी काय फुकट नाचते?"

मी आवाज चढवला.

साडेपाचला सिस्टर आली. कपड्यांना औषधाचा वास. आधी आबांना म्हणाली, "मुलगी झाली आबा. दोघी ठीक आहेत." मग माझ्यासमोर एक घडी केलेला कागद ठेवला.

तो आमच्याच ठाण्याला पाच दिवसांपूर्वी दिलेला अर्ज होता. रुग्णालयाचा जनरेटर बंद आहे आणि रोज भारनियमन होते. तलावावरचा दुसरा जनरेटर गुरुवारपर्यंत नुसता उभा आहे. तो दोन दिवस रुग्णालयाला वापरू द्यावा. आपली हरकत असल्यास तीन दिवसांत कळवावे. हरकत न आल्यास मंगळवारी दुपारी दोन वाजता ट्रॅक्टरने नेऊ आणि गुरुवारी सकाळी परत जोडून देऊ. वाहतुकीसाठी एक शिपाई मिळावा, ही विनंती. खाली सिस्टरची आणि आबांची सही, आमचा गोल शिक्का, आवक क्रमांक आणि मुन्शीची सही.

"बांधकामवाल्यांना दिला, तहसीलला दिला, तुम्हाला दिला," ती म्हणाली. "कुणीच हरकत घेतली नाही. चौकीदारानंही हाच कागद बघून किल्ली दिली. मागाहून घाबरून पळाला बिचारा."

साऱ्या तपासाची गाठ सुटली ती अशी. गुन्हा आम्हाला पाच दिवस आधी लेखी कळवलेला होता आणि आम्ही त्याला शिक्का मारून पोच दिली होती. नाकाबंदी, बिनतारी, केळीच्या बागा, सगळ्याचं उत्तर आमच्याच गठ्ठ्यात पडून होतं.

तेवढ्यात उपअधीक्षकांचा फोन वाजला. "मंत्र्यांच्या कार्यालयातून तीनदा विचारणा झाली. माल मिळाला ना? आरोपी अटक दाखवा. आजच."

मी त्यांना अर्जाबद्दल सांगू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की पाच दिवस तुमचं ठाणं काय करत होतं? माझी बढती त्या महिन्यात अडकलेली होती. मी म्हणालो, "होय सर. दोन आरोपी."

फोन ठेवून मी तो कागद खणात टाकला.

"साहेब, माझी प्रत?" सिस्टरनं विचारलं.

"तपासात जमा केली," मी म्हणालो. तिनं मान डोलावली. विश्वास ठेवला तिनं.

तो कागद मी कुठल्याही पंचनाम्याला जोडला नाही; पुढे बचावाच्या वकिलांनी मागितला तेव्हा हरवला असं कोर्टात लिहून दिलं. आवक रजिस्टरमध्ये 'निवेदन, संकीर्ण' एवढीच नोंद होती, त्यावरून कुणाला काही कळणार नव्हतं. इतर दोन कार्यालयांना त्यांच्या प्रती नंतर सापडल्या नाहीत. चौकीदाराच्या जबाबात 'दिशाभूल करून किल्ली घेतली' असं मी लिहून घेतलं. जनरेटर त्याच संध्याकाळी तलावावर परत गेला. नवं रोहित्र बसायला आणखी एक दिवस लागला. पेटीतल्या दोन्ही बाळांना खासगी गाडीनं जळगावला हलवावं लागलं. दोन्ही वाचली. त्यात माझं काहीच नाही. गुरुवारी कारंजं नाचलं, मी बंदोबस्तात उभा होतो, आणि वरिष्ठांनी तत्पर तपासाबद्दल माझी पाठ थोपटली.

सिस्टरचं कंत्राट गेलं. दोन वर्षांनी तिची सरकारी परिचारिका म्हणून कायम पदावर निवड झाली. चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर आला. 'चोरीचा गुन्हा न्यायप्रविष्ट.' मी सही केली. निवड रद्द झाली.

मी निवृत्त झालो तरी खटला चालूच होता. मागच्या हिवाळ्यात तपास अधिकारी म्हणून साक्षीचं समन्स आलं. मग निवृत्त होताना खणातून घरी आणलेला तो कागद कपाटातून काढला, धुळ्याला गेलो आणि एका खासगी दवाखान्याच्या जिन्यात तिला गाठलं. केस पिकायला लागलेले. मी कागद पुढे केला. तिनं उघडून शिक्का बघितला आणि एकदम खाली पायरीवर बसली.

"हा हरवला असं तुम्ही कोर्टात लिहून दिलं होतं."

"खोटं होतं ते."

"वकिलांना द्या," ती म्हणाली. मग उठून जिना चढून गेली.

साक्षीच्या दिवशी आत एक जोर आला होता, त्या मेच्या दुपारी आला होता तसा. बचावाच्या वकिलांनी अर्ज दाखवला. शिक्का आपल्याच ठाण्याचा का? होय. कधी मिळाला? घटनेच्या पाच दिवस आधी. न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवून मला स्वतः विचारलं, "एवढी वर्षं हा कुठे होता?"

"माझ्या ताब्यात. जाणूनबुजून."

माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होईल. निवृत्तिवेतन थांबलं तरी तक्रार करायची मला जागा नाही.

दोघंही निर्दोष सुटले. आबा काठी टेकत बाहेर आले आणि म्हणाले, "साहेब, ते मशीन कोठी हाये आता?" कारंजं दुसऱ्याच वर्षी बंद पडलं, जनरेटर तलावाकाठी गंजतोय, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी बोललो.

या प्रकरणानं शिकवलं ते मी नव्या अधिकाऱ्यांना सांगत असतो. सरकारच्या खर्चावर चिडलेले लोक आम्ही कायम कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून बघितले. पण जो माणूस इतका चिडलेला असूनही आधी अर्ज लिहितो, रांगेत उभा राहतो आणि तुमच्याकडून पोच मागतो, त्याचा तुमच्यावर अजून भरवसा असतो. तो माझ्या हातून मोडला.

कोर्टाच्या व्हरांड्यात मी सिस्टरला म्हणालो, आता नाव स्वच्छ झालं, पुन्हा अर्ज करा, पडताळणीला मी स्वतः लिहून देतो. ती पर्स बंद करत होती.

"वयाची अट गेल्या वर्षी संपली साहेब," ती म्हणाली. मग घड्याळ बघून आबांना हात दिला, "चला आबा, चारची बस आहे," आणि दोघं पायऱ्या उतरून गेले.