उपाशीपोटी खाल्लेला तांबूल

गेली काही वर्षं मला माहूरला जाता आलं नव्हतं. आधी गुडघे आडवे आले. मग गेल्या वर्षी मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली, तेव्हा पोटातली महाधमनी एका जागी फुगल्याचं कळलं. ती फुटली तर माणूस दवाखान्यापर्यंतही पोचत नाही, असं डॉक्टरांनी सरळच सांगितलं. फुगवटा अजून लहान आहे, वाढला तर ऑपरेशन. तोवर ओझं उचलायचं नाही आणि गड चढायचा नाही. ओझ्याचं मला काही वाटलं नाही, गडाचं मात्र फार लागलं. रेणुका आमची कुलस्वामिनी. माहूरपासून इतक्या दूर, कुकटपल्लीच्या फ्लॅटमध्ये पूजेला बसलो की तिचं मोठं शेंदरी मुख डोळ्यांपुढे यायचं. आई, माझ्यावरच दार का लावून घेतलंस, असं वाटून तिचा रागही यायचा.

या मार्गशीर्षात सीटी स्कॅन ठरला. मी मनाशी पक्कं केलं होतं, फुगवटा पूर्वीएवढाच निघाला तर त्याच रात्री आदिलाबादची गाडी धरायची आणि पुढे माहूर. बायको म्हणाली, "स्कॅन तुमचा, आणि माझ्याकडून ओटीचं सामान भरून घेतलंत!"

दवाखान्यात आमच्या शेजारी आदिलाबादकडच्या एक बाई आजारी भावाला घेऊन बसल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून एक पुडी काढली. "घ्या भाऊ, मायच्या गडावरचा तांबूल हाय. काल दर्शन करून तसंच इकडं आलो." कुटलेल्या विड्याचा तो वास आला आणि मला पुढचं काही सुचेना. स्कॅनआधी काही खायचं नाही, हे बजावून सांगितलेलं होतं. पण देवीचा प्रसाद समोर आल्यावर 'नंतर घेतो' म्हणायची आमच्या घरात रीत नाही. बायको काही बोलायच्या आत तो माझ्या तोंडात गेला होता, आणि मी सगळ्यांसमोर रडत होतो.

स्कॅनवाल्याने माझे लाल ओठ पाहिले. "क्या चाचा, खाली पेट आना बोला था ना मैं? अब आखरी में बैठो."

नंबर थेट दुपारनंतर गेला. बायकोचा पारा चढला. "लहान लेकरं तरी ऐकतात," ती म्हणाली.

मोठे डॉक्टर दुपारीच येत. त्यामुळे माझा स्कॅन झाला तेव्हा ते स्वतः पडद्यासमोर होते. त्यांनी आम्हा दोघांना बोलावून चित्र दाखवलं. आमच्या देवीचं नुसतं मुख आहे. इथे माझं सगळं आतलं शरीर होतं आणि मुख तेवढं नव्हतं. ते म्हणाले, "नाप नहीं बढ़ा चाचा. मगर सबका एक जैसा नहीं रहता. आपका एक बाजू से फोड़े जैसा उठा है. सिर्फ नाप पे नक्को जाओ, ये कब्बी भी फट सकता."

सकाळी स्कॅन झाला असता, तर स्कॅनवाल्याकडून वाढ नाही एवढंच ऐकून मी गाडीत बसलो असतो. सविस्तर रिपोर्ट दुसऱ्या दिवशी निघाला असता आणि तोवर मी गडाच्या पायऱ्यांवर असतो. त्याऐवजी संध्याकाळी मला दाखल करून घेतलं आणि मांडीतून नळी घालून धमनीला आतून जाळीचं अस्तर बसवलं. त्या बाईंचं नाव विचारायचंही राहिलं. यात देवीचा हात किती, हे मी कुणाला पटवायला जात नाही. मी तिचे आभार मानतो आणि डॉक्टरांचेही.

माहूर अजून झालेलं नाही. डॉक्टर थांबा म्हणतात, मी थांबतो. जायची तळमळ कमी झालेली नाही, उलट वाढलीच आहे. पूर्वी मी तिला माझी तारीख सांगायचो. आता म्हणतो, आई, न्यायचं तेव्हा ने. नाही नेलंस तरी मी तुझाच आहे.