होळीचं धनुष्य आणि माझी सही

हे मी घरीही कधी सांगितलं नाही. काठी गावाजवळच्या डोंगरात मी शाळेवर शिक्षक होतो. तिथला एक शेतकरी वनजमिनीच्या हक्कासाठी लोकांना जमवायचा. एका सकाळी पोलिसांनी त्याला नक्षलवादी ठरवून उचललं आणि पंच म्हणून मला त्याच्या घरी नेलं. भिंतीवर धनुष्य आणि पाच बाण टांगलेले होते. होळीला तेच खांद्यावर घेऊन तो नाचायचा. सणाच्या दिवशी मी दर वर्षी त्याच्याकडेच जेवायचो.

पंचनाम्यात त्यांनी 'घातक शस्त्रे' असं लिहिलं. मी म्हणालो, "साहेब, हे इथं घरोघरी असतं."

जमादार हसला. "मंग काय घरोघर पंचनामा कराना का? सही करी टाका गुरुजी. बदलीना अर्ज शे ना तुमना?"

अर्ज होताच. मी सही केली. पुढच्याच महिन्यात माझी खाली सपाटीवर, धानोऱ्याला बदली झाली.

तो अजून तुरुंगात आहे. उद्या कोर्टात माझी साक्ष आहे. सरकारी वकील म्हणाले, "सही तुमची आहे, एवढंच सांगा."

सही माझीच आहे. पण धनुष्य होळीचं होतं, हेही मला सांगायचंय. सकाळपासून ते एकच वाक्य घोकतोय, आणि दर वेळी 'धनुष्य' एवढ्यावरच थांबतो.