धाकट्या आजोबांच्या गाडीचं ॲव्हरेज

मुलांनो, तुमच्या धाकट्या आजोबांची पिकअप गाडी विकायची की ठेवायची, याचा निकाल या आठवड्यात लागला. तुम्ही दोघंही तिच्यात मागे बसून भिजला आहात, म्हणून सगळं नीट लिहून कळवते. तुमच्या आजोबांच्या या भावाइतका चिवट आणि दुसऱ्याचा जीव काढणारा तपास अख्ख्या हैदराबादेत कोणी करत नसेल. नोकरी कोर्टात झाली आणि कोर्ट अंगात राहिलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी डिझेलची गाडी घेतली, ती बरकतपुऱ्यापासून अंबरपेठेपर्यंत ओळखीच्यांना रोपं आणि खत पोचवायला. गाडी लिटरला बारा द्यायची, ती सातावर आली. कुकटपल्लीची त्यांची लेक म्हणाली, "बाबा, दिवाळीपर्यंत ॲव्हरेज सुधारलं नाही, तर गाडी विकायची." झालं, खटला उभा राहिला.

पहिला आरोपी पेट्रोल पंप. तीन पंप बदलले, सातच. मग टायर. सकाळच्या चहाआधी चारही चाकांची हवा मोजायची आणि ती मला फोनवर सांगायची. मग वजन. स्टेपनी आणि जॅक घरी काढून ठेवले, आणि नेमकी अंबरपेठेत गाडी पंक्चर झाली. मी मांडीवर कढीपत्त्याचं रोप घेऊन दीड तास उन्हात बसले होते. तरी भाऊजींचं आपलं, "रागावू नका, पण वहिनी, तुमचं वजन किती?" मेकॅनिकने एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, आणि शेवटी हात जोडले. "साब, गाडी में कुच नै. तुम नाहक परेशान हो रे." भाऊजी मला म्हणाले, "साक्षीदार फितूर झाला."

शेवटी मीच वही आणि घड्याळ घेऊन एक दिवस त्यांच्या शेजारी बसले. पहिल्याच घरी उलगडा झाला. रोप दिलं, चहा झाला, "येतो" म्हणून भाऊजी गाडीत बसले, इंजिन सुरू केलं, आणि मग खऱ्या गप्पा सुरू झाल्या. यजमान खिडकीला टेकलेले, गाडी घुरघुरतेय, बावीस मिनिटं!

"भाऊजी, इंजिन बंद करा की!"

"निघतो म्हटल्यावर बंद करायचं? बरं दिसत नाही, वहिनी. त्यांना वाटेल, मुक्कामालाच आलो."

पाच घरं, पाच फाटकं, सगळीकडे हाच प्रकार. जागच्या जागी गाडी पावणेदोन तास डिझेल पीत होती! मी मिनिटं लिहीत होते आणि मनातल्या मनात त्यांना फैलावर घेत होते.

संध्याकाळी त्यांनी मला घरी सोडलं. आत जाऊन मी वही उघडली, तर सर्वांत मोठा आकडा शेवटच्या फाटकाचा होता, पस्तीस मिनिटं. ते फाटक माझं. आणि बोलत होते मीच. तुमच्या परीक्षा, तुमच्याकडचा बर्फ, धाकटीचा पडलेला दात. तुमचे आजोबा गेल्यापासून भाऊजी रोज संध्याकाळी येतात, "बसत नाही, येतो" म्हणतात, आणि मी खिडकीला टेकते.

त्यांच्या लेकीचा फोन आला. "काकू, सापडला का दोष?"

पस्तीस मिनिटं वगळून सांगावं असं क्षणभर वाटलं. पण वहीत शाईने लिहिलं होतं. सगळं वाचून दाखवलं.

तिने शेवटचा आकडा पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "म्हणजे गाडी विकली तर बाबा कुणाकडे थांबायचेच नाहीत."

"तसंच दिसतंय."

"मग राहू दे. पण काकू, ते तर ऐकायचे नाहीत. किल्ली तुम्हीच फिरवत जा."

आता ते "येतो" म्हणाले, की मी खिडकीतून हात घालते आणि इंजिन बंद करते. ते रोज म्हणतात, "हे बरं दिसत नाही, वहिनी," आणि रोज बोलत राहतात. बाकीच्या फाटकांवर माझा इलाज चालत नाही. गाडी आता लिटरला नऊ देते. विकलेली नाही.