एका शिपायाची दोन पदकं आणि नांदगावचा रस्ता

नांदगावकडे जाण्याचं कारण नऊ वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात सापडलं होतं. कुलपं, नळ आणि मोडक्या टॉर्चच्या ढिगात पितळी दिसणारं एक पदक होतं. पहिल्या महायुद्धातलं, काशाचं. विक्रेत्याने दोनशे सांगितले, मी दीडशेत घेतलं. या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. माझ्या पदकावर 'तुकाराम' हे नाव होतं. बहुतेक शिपायांना अशी दोन पदकं मिळायची, एक चांदीचं आणि एक काशाचं. पुढे घरं फुटतात तशी पदकंही फुटतात. एखादी फुटलेली जोडी ज्याच्या हातून जुळते, तो आमच्या संग्राहक मंडळींत जन्मभर मिरवतो.

गेल्या दिवाळीत नांदगावजवळच्या एका खेड्यातल्या शिक्षकाने फेसबुकवर गावातल्या एका चांदीच्या पदकाचे फोटो टाकले. कडेचा फोटो मोठा करून पाहिला. तेच नाव, तोच नंबर. शिक्षकाकडून पदकवाल्यांचा फोन मिळवला. नाना, वय अठ्ठ्याहत्तर, तुकाराम शिपायाचे नातू. त्यांना म्हणालो, तुमच्या आजोबांचं दुसरं पदक माझ्याकडे आहे, घेऊन येतो, दोन्ही शेजारी ठेवून बघू. मनात काय होतं तेही सांगून टाकतो. म्हाताऱ्याला चार गोड शब्द बोलून चांदीचं पदक विकत घ्यायचं होतं. उगाच साव कशाला बनू?

डिसेंबरात तीन दिवसांची रजा टाकली. पुण्याहून सकाळची एसटी धरली, संगमनेर-सिन्नर मार्गे नाशिकला पोचायला साडेपाच तास लागले. पुढे जाणाऱ्यांनी पाणी आणि संयम दोन्ही सोबत ठेवावं. द्वारका चौकाजवळ बाराशेत लॉज मिळालं. खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी फक्त तासभर. मिसळ झकास होती, सोबत पापड आणि दही. रस्सा मागाल तितका मिळतो आणि कुणी तोंड वाकडं करत नाही. नाशिकची थंडी मात्र पुण्याच्या स्वेटरला जुमानत नाही.

संध्याकाळी नाशिकमधल्याच अंबडला दिलीपकडे गेलो. दिलीप तिथल्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. आमच्या संग्राहकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहा वर्षांची ओळख, पण भेटत होतो पहिल्यांदाच. त्याच्याकडे टोप्यांवरचे बिल्ले आहेत, बंदुकीच्या पट्ट्यांची बक्कलं आहेत, आणि प्रत्येकाला चिठ्ठी लावलेली. कारखान्याबाहेरच्या टपरीवर आम्ही तीन-तीन कटिंग प्यायलो. त्याने खिशातून भिंग काढून माझं पदक उलटंपालटं करून पाहिलं.

"कड एकदम शाबूत आहे यार. नऊ वर्षं घरात घेऊन बसलास?"

"जोडी कुठे होती?"

"आता आहे ना. उद्या माझी गाडी काढू. पेट्रोल अर्धं अर्धं."

मला बरं वाटलं. घरी ज्या गोष्टीला भंगार म्हणतात तिच्याकडे कुणीतरी भिंग लावून बघतंय, याचं सुख काय असतं ते आमच्या जातीच्या माणसालाच कळेल. त्या सुखात मी नानांचं गाव, नाव, सगळं सांगून बसलो.

दुसऱ्या दिवशी सातला निघालो. महामार्ग चांगला आहे, टोल आहे. चांदवडला कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत अर्धा तास गेला, काचा वर असूनही डोळे चुरचुरले. तिथून उजवीकडे मनमाडचा रस्ता. मनमाडनंतर अंगठ्यासारखा उभा सुळका दिसतो, फोटोसाठी थांबायला जागा आहे. पुढचे काही किलोमीटर नुसते खड्डे. दिलीप सगळा वेळ भाव सांगत होता. कुठली जोडी कितीला गेली, कुणी कुणाला कसं बनवलं. मीही हसत होतो.

गावात शिरलो तर मारुतीच्या पारावर सतरंजी अंथरलेली. पंचवीस-तीस माणसं, बायका वेगळ्या बसलेल्या, एका ताटात शाल, नारळ, हार. मला वाटलं, कुणाचं तरी लग्न ठरलंय. गाडीतून उतरलो तर सगळे उठून उभे राहिले.

पांढरं धोतर, नवी टोपी घातलेले नाना पुढे आले आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "आमच्या आज्याला घरी आणलं सायेब तुम्ही."

मी दिलीपकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता. यांना वाटत होतं, मी पदक परत द्यायला आलोय. त्यांचं तरी काय चुकलं? दुसऱ्याच्या आज्याची वस्तू कुणी नुसती दाखवायला दीडशे मैलांवरून घेऊन येतं, हे कुठल्या शहाण्या माणसाला सुचेल? असलं आम्हा संग्राहकांनाच सुचतं.

शाल घातली, नारळ हातात दिला. मग नानांनी देव्हाऱ्यातलं चांदीचं पदक आणून दाखवलं. दरवर्षी दसऱ्याला चिंचेने घासून पुजलेलं. कोरलेल्या अक्षरांत हळद-कुंकू बसलं होतं. दिलीप माझ्या कानाशी लागला, "घासून घासून वाट लावलीय."

नाना माझ्याशेजारी बसले आणि सगळ्यांसमोर बोलू लागले. "मोडवाला आला व्हता गावात. माझ्या आईनं हे दुसरं पितळ समजून मोडीत घातलं, पाण्याचा हंडा घेतला. तिला काय ठावं? पर आजा लय चिडला. मरोस्तवर तिच्याशी बोलला नाय. आईनं तो हंडा कधी वापरला नाय, पालथाच ऱ्हायला. जाताना मला म्हणली, नाना, तेवढं पदक घावलं तर बघ." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कुठं बघायचं सायेब? मी नांदगावच्या बाहेर किती गेलोय?"

मी खिशात हात घातला. खरं सांगतो, द्यायचं नव्हतं. नऊ वर्षं जपलेली वस्तू होती ती. पण पंचवीस माणसं बघत होती, आणि त्याहून जास्त त्या पालथ्या हंड्याने मला गाठलं. मी पदक नानांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते कपाळाला लावलं, चांदीच्या पदकाशेजारी ठेवलं आणि ढसाढसा रडले. सून बाजरीच्या भाकरी, शेंगोळे आणि ठेचा घेऊन आली. इतकं चांगलं जेवण पूर्ण प्रवासात कुठे मिळालं नाही आणि त्याचे पैसे विचारायची माझी हिंमत झाली नाही. दिलीप दोन्ही पदकांच्या कडांचे फोटो काढत होता.

परतताना मनमाडपर्यंत दिलीप खड्डे चुकवत होता. मग म्हणाला, "शाल पडली किती महागात?"

"जाऊ दे. ज्यांचं होतं त्यांना गेलं."

"चिंचेने घासतील रे ते. दोन दसऱ्यांत नाव जाईल." एवढं बोलून त्याने गाणी लावली.

तिसऱ्या दिवशी मी पुण्याला आलो. बायकोला सगळं सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच ती माझ्या छंदावर काही वाईट बोलली नाही. महिनाभर मी स्वतःवर फार खूश होतो. कपाटातली ती रिकामी जागा पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचो, एवढा शेफारलो होतो.

मग एका सकाळी ग्रुपवर दिलीपचा फोटो आला. काळ्या मखमलीवर दोन पदकं, खाली एक ओळ: 'शंभर वर्षांपूर्वीची जोडी जुळली.' हळद-कुंकू साफ केलेलं होतं. पण नाव तेच, नंबर तोच. चाळीस जणांनी अंगठे दाखवले. एकाने तर लिहिलं, याला म्हणतात चिकाटी.

मी लगेच नानांना फोन लावला. ते खुशीत होते.

"तुमचे दोस्त येऊन गेले की सायेब. म्हणले, तुम्हीच पाठवलंय, दोन्हीला काचंची फ्रेम करून आणतो. मी म्हणलं न्या. तुमच्या मान्साला नाय कसं म्हणायचं?"

माझं नाव सांगून नेली होती. मी दिलीपला फोन केला आणि आयुष्यात कुणाला घातल्या नसतील इतक्या शिव्या घातल्या. त्याने शांतपणे ऐकून घेतल्या.

"झालं तुझं? फ्रेम करूनच देणार होतो. मध्येच एक बंगळूरचा मागे लागला. कालच कुरियर गेलं."

"परत मागव."

"आता तो कशाला देईल? तू देशील का तुझ्या कपाटातलं एक तरी? त्यातली किती पदकं कुणाच्या घरून कशी निघाली, विचारलंस कधी?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि मला रस्ता कुणी दाखवला रे?"

मी फोन ठेवला. बंगळूरच्या त्या माणसाला तीन वेळा लिहिलं, दुप्पट किंमत देतो म्हणालो. संग्रहातली वस्तू विकत नाही, असं एका ओळीचं उत्तर आलं. हीच ओळ मीही लोकांना लिहीत आलोय. पोलिसांत जायचं तर साक्ष नानांची लागणार, म्हणजे आधी त्यांना खरं सांगावं लागणार.

जायचं असेल तर जा. रस्ता बरा आहे, थंडीत हवा छान असते, नाशिकहून गाडीने दिवसभरात परत येता येतं. एखाद्या घरी असं पदक दिसलं तर हात जोडा आणि निघा. फोटो काढू नका, गावाचं नाव कुणाला सांगू नका आणि आमच्यासारख्या जाणकार माणसाला सोबत नेऊ नका. पाहिजे तर मलाही नेऊ नका.

नानांचा फोन दर पंधरा दिवसांनी येतो. परवाही आला होता. म्हणाले, "फ्रेमीला येळ लागत आसंल तर लागू द्या. काम बेस झालं पायजे." मी म्हणालो, हो नाना, काम चालू आहे. हे सगळं या ब्लॉगवर लिहायला जमलं, कारण नाना इथलं वाचत नाहीत.