मागच्या सीटवर बसणाऱ्यांनी गप्प बसायचं

आमच्या वन्संनी लग्न केलं नाही, गाडी केली. हे वाक्य माझं नाही, त्यांचंच आहे, आणि ते ऐकून कुणी हळहळायला लागलं की त्याला त्या सरळ क्लच दाबायला लावतात. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. बाकीच्यांसाठी त्या ड्रायव्हिंगच्या बाई. उंची बेताची, म्हणून सीटवर उशी लागते. आवाजाला मात्र कशाचाच आधार लागत नाही. पांढरी, जागोजागी पोचे आलेली गाडी, वन्संच्या पायाशी जादा ब्रेक, आणि मागच्या काचेवर ‘शिकाऊ’ अशी पाटी. क्लासचे फोन मी घेते, त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला सगळ्यांच्या आधी कळतं.

पूर्वी आईबाप हौसेने मागे बसायचे आणि ‘ब्रेक! अगं ब्रेक!’ असा धोशा लावायचे. पोरं गांगरून जायची. एकदा एकाने त्या आरडाओरड्यात गाडी भाजीच्या हातगाडीवर घातली. रस्त्यावरचे टोमॅटो वेचता वेचता वन्संनी नियम करून टाकला. गाडी चालू असेपर्यंत मागच्या सीटवरून चकार शब्द काढायचा नाही. सिग्नलला थांबली की काय ते बोलून घ्यायचं, तेव्हा चालवणाऱ्याने नुसतं ऐकायचं. गाडी हलली की पाळी पुन्हा चालवणाऱ्याची.

नियम ब्रेकसाठी होता, पण लोक ब्रेक सोडून भलतंच बोलायला लागले. एक नर्सबाई होत्या. त्यांच्या मुलाने चालत्या गाडीत, समोर बघत सांगून टाकलं, “तू ड्युटीवरून येतेस ना, तेव्हा मी झोपल्याचं सोंग घेतो. कारण पहिला प्रश्न मार्कांचाच असतो.” बाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं, पण सिग्नल लांब होता. तो येईपर्यंत उत्तर कुठल्या कुठे गेलं. लाल दिव्याला त्या एवढंच म्हणाल्या, “उद्यापासून नाही विचारणार. पण जागा राहा.”

मग लायसन्स मिळालेली पोरंही आईबापांना घेऊन यायला लागली. ‘एक फेरी मिळेल का?’ असा फोन आला की मी ओळखायचे, घरात धुसफूस आहे. मी एकदा वन्संना म्हटलं, “आता पाटी लावा, घरगुती भांडणं मिटवून मिळतील म्हणून.” त्या भडकल्याच. “मला माणसं कळत नाहीत गं, गाडी कळते. नजर समोर ठेवायची असली की माणूस जरा खरं बोलतो, एवढंच.” सगळ्यांचंच जमलं असंही नाही. एक वडील सिग्नलला दार आपटून उतरले ते चालतच घरी गेले. त्या दिवशी वन्सं जेवल्या नाहीत.

आणि मग आमच्याच घरात ठिणगी पडली.

आमची लेक नुकतीच अठरा वर्षांची झाली होती आणि आत्याकडेच गाडी शिकत होती. हिशेबाची शिकवणी बुडवून ती नाटकाच्या तालमीला जायची. आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे, तिथे एका गिऱ्हाइकाच्या बोलण्यातून ह्यांना ते कळलं. हे तडक तालमीच्या हॉलवर गेले आणि सगळ्यांच्या देखत दंडाला धरून तिला घरी घेऊन आले. तेव्हापासून तिने अबोला धरला. जेवायला एकाच टेबलावर, आणि मध्ये मी.

“आई, बाबांना सांग, मीठ द्या.”

“तिला सांग, मीठ तिच्याच हातापाशी आहे.”

मी म्हणजे निव्वळ टपालपेटी झाले होते. त्यातून लेकीने जाहीर केलं की रविवारी ती सामान उचलून मावशीकडे जाणार, दुसऱ्या शहरात, आणि पुढचं कॉलेजही तिथेच. मावशी म्हणजे माझी सख्खी बहीण, तिची ना नव्हती. माझा मात्र जीव तुटत होता. पोरगी शिकायला कुठेही गेली असती तर मी हसत डबा भरून दिला असता. पण ही रागाने निघाली होती, आणि बापलेक सारखेच हट्टी. अशी गेली असती तर त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं नसतं.

मी वन्संना गळ घातली, तर त्या चक्क मागे सरल्या. “घरच्यांचं मला नको सांगूस. तो माझा भाऊ आहे. त्याच्याच बाजूने ब्रेक मारीन मी.” माझा पारा चढला. म्हटलं, “सगळ्या गावाची पोरं तुमची, आणि आमची तेवढी परकी?” त्या गाडीची किल्ली उचलून निघून गेल्या. शुक्रवारी दुपारी मात्र दाराशी हॉर्न वाजला.

लेक स्टिअरिंगवर, शेजारी वन्सं, मागे आम्ही दोघं. पहिल्या सिग्नलला ह्यांनी भविष्य, शिस्त, विश्वास अशी एकामागून एक गाडी सोडली. लेक ऐकत होती. दिवा हिरवा झाला, तिने गिअर टाकला आणि समोर बघत बोलायला लागली.

“माझी भूमिका दुसरीला दिली. हॉलमध्ये आता मी आले की मुलं एकमेकांचे दंड धरतात आणि हसतात. मी खोटं बोलले, ते कबूल. पण तुम्ही मला घरी आणून ओरडला असता तर चाललं असतं.”

ह्यांनी तोंड उघडलं. वन्संनी मागे न बघता एक बोट वर केलं. हे चष्मा काढून शर्टाच्या टोकाने काच पुसत राहिले. काच स्वच्छच होती.

मोठ्या चौकात लाल दिवा लागला. मला वाटलं, आता पुन्हा भाषण. पण ह्यांचा आवाज वेगळाच आला.

“दुकानातून निघालो तेव्हा ओरडायचं नव्हतं मला. इतके दिवस तू शिकवणीला आहेस असं समजून मी आरामात काचा घासत बसलो होतो. आणि तू कुठे होतीस हे मला माहीतच नव्हतं. भीती वाटली गं. आणि भीती वाटली की मी...”

दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. नियमाप्रमाणे ह्यांनी तोंड मिटलं. गाडी हलली की ह्यांची पाळी संपणार होती.

गाडी हलली नाही.

“बंद पडली का?” वन्संनी विचारलं.

“नाही, आत्या. बाबांचं बोलून व्हायचंय.”

हिरव्या दिव्याला क्षणभर रेंगाळणाऱ्या पोरांना वन्सं फाडून खातात. त्याच वन्संनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मागच्यांना बाजूने जायची खूण केली. एक टेम्पोवाला ओरडला, “झोपलात का?” वन्सं त्याच्या दुप्पट ओरडल्या, “पाटी दिसत नाही का? जा पुढे!” भाचीच्या पायाकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही, आणि आपला पायही हलवला नाही.

“बोला, बाबा,” लेक म्हणाली.

“भीती वाटली की मी हात उगारल्यासारखाच वागतो,” हे म्हणाले. “सगळ्यांसमोर तुझा दंड धरला, ते चुकलं माझं. फार चुकलं, पोरी. येऊन तुमच्या नाटकाच्या सरांशी बोलू का मी?”

दिवा परत लाल झाला होता. लेकीने बाहीने नाक पुसलं. हिरवा लागल्यावर तिने गाडी काढली, अजिबात धक्का न देता.

“नको, बाबा. तुम्ही आता कृपा करून कुठेही जाऊ नका. माझं मी बघते.” पुढच्या वळणावर तिने हात दाखवला, गिअर बदलला. “आणि आई, मावशीला कळव. मी सुट्टीत येईन. आत्ता नाही.”

ह्यांनी माझा हात घट्ट धरला. मला तिला शंभर गोष्टी विचारायच्या होत्या, पण गाडी चालू होती आणि चौक लांब होता. बोलायला बंदी होती. रडायला वन्संनी कधी बंदी घातली नव्हती.