निरोगी गटातला ठिपका

कलबुर्गीच्या प्रयोगशाळेत मी स्तनाचा कर्करोग झालेल्या बायकांच्या रक्तातल्या पेशींचा अभ्यास करत होते. आधी पेशीतली जनुकं वाचायची, मग तिच्यात कुठलं प्रथिन किती आहे ते मोजायचं. जनुकांत लिहिलेलं सगळंच पेशी करते असं नाही. ती खरोखर काय करते ते प्रथिनांवरून कळतं. तुलनेसाठी निरोगी बायकांचं रक्त लागायचं. एकजण ऐन वेळी आली नाही, म्हणून मीच हात पुढे केला. घरात कुणाला कर्करोग होता का, या रकान्यात ‘नाही’ लिहून मोकळी झाले.

काही आठवड्यांनी आलेख पडद्यावर आला. तुटलेला डीएनए सांधणारं एक प्रथिन काही आजारी बायकांत निम्म्यावर आलं होतं. निरोगी गटातलाही एक ठिपका तसाच खाली होता. मशीनचीच चूक असणार म्हणून नमुना पुन्हा चालवला. ठिपका हलला नाही. जनुकांची यादी उघडली, तर त्याच प्रथिनाच्या जनुकात एक अक्षर गळालेलं. नमुन्याचा क्रमांक माझा होता.

तेव्हा कुठं आत्या आठवली. ती पोटातल्या, अंडाशयाच्या गाठीनं गेली होती; घरात त्याला कर्करोग असं कुणी म्हटलंच नव्हतं. याच जनुकातला दोष त्या गाठीलाही कारण होऊ शकतो, हे मी दुसऱ्यांना शिकवत होते. मी उठून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमकडे गेले.

“हे संशोधन आहे, निदान नाही,” मॅडम म्हणाल्या. “रीतसर तपासणी करून घे.”

तपासणीतही तेच निघालं. आता सीमेवरच्या मेहकर गावी जाऊन अक्काला सांगायचं होतं. ती माझी थोरली बहीण, दोन लेकींची आई. बसमध्ये वाक्यं जुळवत गेले, पण तिच्या दारात एकही आठवलं नाही.

तूर निवडता निवडता तिनं सगळं ऐकून घेतलं.

“मलाबी असंल म्हणायलीस?”

“असंल, नसंल. तपासल्याबिगर कळत न्हाई.”

“मग कळूच नको. झोप तरी लागती.” तिनं सूप बाजूला सारलं. “पोरींच्या म्होरं हे कामून बोलायलीस?”

मी परतले. रोज फोन हातात घ्यायचे आणि खाली ठेवायचे. पंधरा दिवसांनी ती न सांगता कलबुर्गीला आली. “झोप न्हाईच लागायली,” एवढंच बोलली.

तिच्या अहवालात दोष नव्हता. म्हणजे तिच्याकडून लेकींनाही धोका नव्हता. मी सुटकेनं रडले. तिनं कागदाची घडी घालून तो पिशवीत ठेवला.

“तुला एकटीलाच व्हय गं,” ती म्हणाली.

आता दर सहा महिन्यांनी माझी तपासणी असते. अजून काही निघालेलं नाही, पण तारीख जवळ आली की जेवण जात नाही. अक्का दर वेळी सोबत येते. मला आत नेलं की बाकावरच्या बायकांशी कानडीत बोलत राहते. दार बंद झालं तरी मला तिचा आवाज ऐकू येतो, आणि तो मधेच थांबला की पुन्हा सुरू व्हायची मी वाट बघते.